संत्र्यातलं सिमेंट

सुगत हे लिहून ठेवणारच नव्हता. दोनदा मोबाइलवर टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण यात चूक त्याची आहे, आणि आपली चूक आपल्याच अंगठ्यानं टाइप करणं लय जड जातं. तिसऱ्यांदा पुसायला गेला तेव्हा मात्र त्याचं डोकंच सणकलं. फटी बुजवताना लाज वाटली नाही, मग सांगताना काहून वाटून राहिली?

तर गोष्ट संत्र्याची.

संत्रं म्हणजे वाचनालय. अमरावतीत बडनेरा रोडवरून आत वळलं की वस्तीच्या मधोमध उभं आहे. पाटीवर नाव वेगळं आहे, ते कोणी घेत नाही. लाल विटांच्या आठ फोडी, सोललेल्या संत्र्यासारख्या गोलात मांडलेल्या, आणि वर तांब्याची टोपी. आत शिरलं की कोपरा म्हणून सापडत नाही. बाहेर मे महिन्याचं पंचेचाळीस डिग्री असो, आत पोट्टे शर्टाची बटणं लावून बसतात.

१९७१ साली ते वामनरावांनी बांधलं. वामनराव याच वस्तीतले. इथला पहिला आर्किटेक्ट. मुंबईहून शिकून आले तेव्हा लोकांना वाटलं, चला, आता आपल्यालाही सरकारी शाळेसारखी चौकोनी, स्लॅबची, पक्की इमारत मिळणार. यांनी काय करावं? जागेवर एक खड्डा खणला आणि एक अख्खा उन्हाळा, एक अख्खा पावसाळा त्या खड्ड्याशेजारी वही घेऊन बसले. लोक म्हणाले, पोरगं शिकून बिघडलं.

ते माती पाहत होते. ही आपली काळी माती. उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत पाय जातो, आणि पावसाळ्यात अशी फुगते की दारं चौकटीत अडकून बसतात. तिच्यावर एकसंध, ताठ इमारत बांधली की ती आज ना उद्या तडकणारच. म्हणून वामनरावांनी आठही फोडी सुट्या ठेवल्या. प्रत्येकीचा पाया वेगळा, प्रत्येक आपल्या पायावर उभी. दोन फोडींच्या मधे दोन बोटांची फट. उन्हाळ्यात फट रुंदावणार, पावसाळ्यात मिटत येणार, आणि भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. जमिनीशी भांडायचं नाई, तिच्यासंगं हालायचं, असं ते म्हणायचे.

आणि फटीत भरायचं काय? कापूस. जुन्या गाद्यांतला कापूस, जवसाच्या तेलात राळ टाकून उकळायचं, त्यात भिजवायचा आणि लाकडी पट्टीनं ठोकून बसवायचा. दाबला की दबतो, सोडला की फुलतो, पाणी आत येऊ देत नाही. दर वर्षी बुद्ध पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी जुना काढायचा, नवा भरायचा. घरटी ओंजळभर कापूस यायचा. बाया तेल उकळायच्या, माणसं शिड्या धरायची. सुगतची आत्या भागीरथा तेव्हा तरणी होती. तिच्यासारखी फट भरणारं कोणी नव्हतं असं अजूनही म्हातारे लोक सांगतात.

मग घराघरात फोमच्या गाद्या आल्या. कापूस संपला, तसा तो रविवारही संपला. वामनराव म्हातारपणी अकोल्याला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. फटींतला कापूस काळा पडला, लोंबायला लागला, चिमण्यांनी ओढून नेला.

सुगत संत्र्यात बसूनच शिकला. शाळेत पोट्टे चिडवायचे, "अबे, तुमचं वाचनालय गोधडीचं हाय न बे? फाटलं का शिवता?" तो मारामाऱ्या करून घरी यायचा. मारामाऱ्यांनी चिडवणं थांबत नाही. ती गोधडी त्याच्या मनात बसली ती बसलीच.

बारावीनंतर शिक्षण सुटलं. पुट्टी, वॉटरप्रूफिंग, गळकी गच्ची, हे सगळं तो व्हिडिओ पाहून पाहून शिकला आणि खरंच चांगलं शिकला. नांदगाव पेठेच्या एका कारखान्याचं छत त्यानं असं बंद केलं की तिथला साहेब लोकांना नेऊन दाखवायचा. हाताला गुण होता. त्यातून डोक्यात जी हवा गेली, ती आता लपवून काय करायची?

दोन वर्षांपूर्वी संत्र्याच्या जीर्णोद्धारासाठी सरकारी निधी मंजूर झाला. काम बाहेरच्या एका ठेकेदाराला मिळालं. त्याचा साइट सुपरवायझर होता अंकुर. अंकुर तिवस्याचा, घरी काळी कसदार शेती, बाप अजून स्वतः डवरणी करतो. डिप्लोमा करताना तो अमरावतीत खोली करून राहायचा आणि अभ्यासाला संत्र्यात यायचा. तेव्हापासून दोघांची दोस्ती. अंकुरनं सुगतला काम दिलं. भिंती धुणं, खराब विटा बदलणं, विटांमधल्या रेघांत चुना भरणं. आणि कागदावर शेवटची एक ओळ होती, "सांधे भरणे". कशानं, ते लिहिलेलं नव्हतं.

"कशानं भरतो?" अंकुरनं विचारलं होतं.

"सिमेंटनं. नवीन केमिकल आलं हाय, टाकलं का दगडापेक्षा कडक. मुंगी जानार नाई."

"कोनाले विचारू का?"

"कोनाले इचारतं बाप्पा? मी हाव न."

अंकुर मुकाट बसला. बसायला नको होतं. पण ते नंतर.

मे महिना होता. फटी सगळ्यात रुंद असतात तो महिना. सुगतनं तो काळा कुजका कापूस ओढून काढला, वस्तीदेखत ढीग रचला आणि पेटवला. तेलकट कापूस, भडकन पेटला. त्याला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

भागीरथा आत्या धूर पाहून आली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, उन्हात डोक्यावर पदर घेऊन.

"काय करून राहिला रे सुगत? फटीत काय टाकतं ते?"

"सिमेंट."

"अरे, ते हालते! त्याले हालू द्या लागते! कापूस पाह्यजे त्यात, मी देतो न, माही गादी उसव, घे."

शिडीखाली सहा मजूर उभे होते, अंकुर होता, दोन अनोळखी माणसं फोटो काढत होती. आणि आत्या सगळ्यांसमोर गादीचं बोलत होती.

"आत्या, तू घरी जाय," सुगत शिडीवरूनच ओरडला. "गादी, गोधडी, तेच करत मरा तुमी! पक्कं नाई पाह्यजे का आपल्याले कधी? तुले काय समजते यातलं?"

आत्यानं पदर सारखा केला आणि गेली.

आठही फटी सिमेंटनं भरल्या. वर विटेचा रंग मारला. उद्घाटनाला पाहुणे आले, त्यांनी भिंतीवरून हात फिरवून "वा" म्हटलं. वाचनालय समितीचे अध्यक्ष देवराव काका, रिटायर्ड हेडक्लार्क, यांनी सुगतला हार घातला. तो फोटो त्यानं महिनाभर प्रोफाइलला ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात काही झालं नाही, कारण पाऊसच धड पडला नाही. यंदा जुलैमध्ये पाच दिवस झड लागली. पाचव्या दिवशी दुपारी पोरं वाचत बसलेली असताना तिसऱ्या फोडीतून फटाका फुटावा तसा आवाज आला. खालून वर, आडवीतिडवी, हात जाईल एवढी चीर. दोन दिवसांत सहाव्या फोडीला दुसरी. एक वीट टेबलावर पडली. तिथे बसणारी चंदा नुकतीच पाणी प्यायला उठली होती.

वाचनालयाला कुलूप लागलं. नोटीस लागली. धोकादायक.

सुगतचा राग तेव्हा पाहायला पाहिजे होता. ठेकेदार चोर, विटा कच्च्या, निधी खाल्ला, सरकार आंधळं. देवराव काका समितीत म्हणाले, "पाडून टाकू. तीन मजली हॉल बांधू, वर एसी अभ्यासिका. पोराईले कॉम्प्युटर पाह्यजे, संत्रं नाई पाह्यजे." तेव्हा सुगत त्यांच्या अंगावरच गेला.

"काका, तुमी यातच एमपीएससीचा अभ्यास केला!"

"अन नापास झालो," देवराव काका शांतपणे म्हणाले. "पोट्टं मरता मरता वाचलं सुगत. तिच्या मायले तू जाऊन सांगशील का, संत्रं लय सुंदर हाय मनून?"

 मग सुगतनं राग दुसरीकडे वळवला. वामनरावांवर. काहून असं बांधलं? सरळ चार भिंती का नाही बांधल्या? आमच्याच वस्तीवर प्रयोग? आणि तेवढ्यात त्याला सुचलं की मूळ नकाशे मिळाले तर ठेकेदारानं काय काय खाल्लं ते सिद्ध करता येईल. पाडायचं की ठेवायचं हे ठरवायला दहा दिवसांनी तपासणी होणार होती. त्यानं गाडी काढली आणि मूर्तिजापूर मार्गे भर पावसात अकोला गाठलं.

वामनरावांची लेक दीपमालाताई मोठ्या उमरीत राहतात. शाळेत गणित शिकवायच्या. ओल्या माणसाला त्यांनी आधी टॉवेल दिला, मग चहा, मग पत्र्याच्या पेटीतून नकाशांची गुंडाळी काढून दिवाणावर पसरली.

"ठेकेदारानं पाया हलवला असन," सुगत म्हणाला. "मले पायाचा नकाशा दाखवा."

"पाया कोणी हलवू शकत नाही, तो आठ फूट खाली मुरमावर आहे," ताई म्हणाल्या. "फटीत काय भरलं?"

सुगतनं टॉवेल पुन्हा तोंडावरून फिरवला.

"काय भरलं, विचारते मी."

"सिमेंट."

ताईंनी चष्मा काढला.  नकाशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. निळ्या शाईत, बारीक, सरळ अक्षर:

"फटीत फक्त कापूस, दर वर्षी. चुना नको, सिमेंट तर नकोच. हे बुजवायला बाहेरचा कोणी येणार नाही. फट दिसली की आपल्याच माणसाला लाज वाटेल. तो बुजवेल. म्हणून लिहून ठेवतो."

सुगतनं ते दोनदा वाचलं.  ज्या माणसाला तो रस्ताभर शिव्या देत आला होता, त्या माणसानं तो जन्मायच्या आधीच त्याला ओळखून ठेवलं होतं. याचाही राग आला. मेलेल्या माणसाचा राग आला की तो काढायचा कुठं? दुसरं कोणी उरलंच नव्हतं. ठेकेदार नाही, सरकार नाही, वीट नाही. मे महिन्यात, फट सगळ्यात रुंद असताना, त्यात दगड ठोकून ठेवला होता. मग माती फुगली, फोडींना सरकायला जागा नाही, त्या एकमेकींना रेटत राहिल्या आणि तडकल्या. हे त्याला बोरगाव मंजूपर्यंत येता येता इतकं स्वच्छ दिसलं की त्यानं गाडी बाजूला लावली आणि हेल्मेट रस्त्यावर आपटलं. ते फुटलं. नवीन होतं.

घरी येऊन तो आधी आत्याकडे गेला. ती तूर निवडत होती.

"तू बरोबर होती," तो दारातूनच म्हणाला.

"मले माहीत हाय," आत्या सुपातून नजर न काढता म्हणाली. "मले काहून सांगतं? ज्याईले सांगाचं त्याईले सांग."

तपासणीला नीलम मॅडम आल्या, इमारतींची ताकद तपासणाऱ्या इंजिनियर. पावसानं उघडीप दिली होती. संत्र्यासमोर मंडपातल्या खुर्च्या मांडल्या होत्या. देवराव काका, समिती, निम्मी वस्ती. ठेकेदार आला नव्हता, त्यानं अंकुरला पाठवलं होतं. अंकुर फाइल मांडीवर घेऊन शेवटच्या खुर्चीत बसला होता. सुगतनं त्याला काही सांगितलं नव्हतं. अकोल्याहून आल्यापासून अंकुरचे चार फोन त्यानं उचलले नव्हते, कारण अंकुरनं "थांब जरा, इचार करू" म्हटलं असतं आणि त्याला थांबायचं नव्हतं.

देवराव काकांनी ठराव वाचला. इमारत मुळातच सदोष आहे, वय झालेलं आहे, सबब पाडण्यास समितीची हरकत नाही.

"मुळात सदोष नाई!" सुगत उभा राहिला. आवाज फाटला. "पन्नास वर्षं एक चीर नोती. मी आलो अन चिरा आल्या. फटीत सिमेंट मी भरलं. कापूस भरा म्हनत होती आत्या, मी तिले हाकललं. हा नकाशा पाहा. अठी लिहिलं हाय, नोको भरू मनून."

कुजबुज झाली. मागून कोणी तरी म्हणालं, "हार घातला होता न याले?" दोघं-चौघं हसले. आत्या दुसऱ्या रांगेतून म्हणाली, "हसून काय राहिले? तुमीच टाळ्या वाजवल्या होत्या. बोल रे तू. तवा लय बोलत होता, आता बी बोल."

नीलम मॅडमनी नकाशा वाचला. उठून तिसऱ्या फोडीच्या चिरेत बॅटरी मारली, मग फटीवरचा विटेचा रंग किल्लीनं खरवडला. आतून करडं सिमेंट निघालं.

"हे काम तुम्ही स्वतः केलं?"

"या हातानं."

"आणि तपासून सही कोणी केली?"

  सुगतनं शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं नाही, मुद्दाम नाही पाहिलं. "कागदाचं मले माहीत नाई," तो म्हणाला.

"सही माही हाय," अंकुर मागून म्हणाला. उभा राहिला.  "मॅडम, मी शेतकऱ्याच्या घरचा हाव. माती फुगते हे मले कोनी शिकवाची गरज नोती. मले समजाले पाह्यजे होतं."

मॅडम बराच वेळ वहीत लिहीत राहिल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. आज पाडायचंही नाही आणि वाचलं असंही नाही. आधी आठही फोडींना आतून लोखंडी टेकू. मग सिमेंट काढायचं, मशीननं नाही, हातानं. एक फट उघडली की तिच्या समोरची उघडायची, नाही तर फोडी एकीकडे झुकतील. प्रत्येक चिरेवर काचेची पट्टी चिकटवायची. पट्टी तडकली की भिंत हलली, लगेच काम बंद. दोन महिने. तोवर फोडी सैल होऊन जागेवर उभ्या राहिल्या तर त्या दुरुस्ती लिहितील. एक जरी खचली, तर उरलेल्या सात त्या स्वतः उतरवून घेतील.

"कोण करणार हे काम?" देवराव काकांनी विचारलं. "ठेकेदार तं आता फोनबी उचलनार नाई."

"मी," सुगत म्हणाला. "फुकट."

"तू?" काका हसले, पण वाईट नाही हसले. "तुले सिमेंट भराले आठ दिवस लागले होते. आता काढाले दोन महिने."

लोक पांगले. अंकुर चहाच्या टपरीमागे फोनवर होता. नुसतं "हो सर, हो सर" चाललं होतं. फोन ठेवला आणि वळला.

"गेली," तो म्हणाला. "नोकरी. उद्यापासून येऊ नोको म्हनतो."

"अंकुर, मी तुहं नाव नाई घेतलं."

"नाव नाई घेतलं!" अंकुरनं चहाचा कागदी कप चुरगाळला, अर्धा चहा हातावर सांडला, त्याला कळलंही नाही. "चार फोन केले बे तुले मी. चार! काल रात्री सांगितलं असतं का भाऊ, मी उद्या उभा राहून सगळं बोलनार हाव, तं मी तुह्यासंगं उभा राह्यलो असतो. शेवटच्या खुर्चीतून चोरासारखा नाई. तू ठरवलं, तूच बोलला, तूच मोठा झाला. सिमेंट भरताना बी तूच ठरवलं. आत्याले हाकलताना बी तूच. मी कोन हाव? तुह्या शिडीचा पाय?"

"मंग तवा काहून नाई बोलला? शेतकऱ्याचा पोरगा हाय न तू?"

"कारन तू आयकत नाई!" टपरीवाला वळून पाहायला लागला. "कोनाचंच आयकत नाई तू. पाहून पाहून शिकला, चांगलं शिकला, पन थांबाचं तुले कोनी शिकवलं नाई. मी हिंमत नाई केली, ते माहं. बाबाले आज काय सांगू ते बी माहं. पन तुहं तू पाह्य."

सुगतच्या जिभेवर आलं होतं बरंच काही. तुझ्या बापाकडे वीस एकर आहे, तुझं काय जातं. आलं होतं अगदी दातापर्यंत. त्यानं संत्र्याकडे पाहिलं. दारावर कुलूप, आत तिसरी फोड तडकलेली, आणि एखादी फट चुकीच्या बाजूनं उघडली तर पुढच्या दिवाळीला तिथे देवराव काकांचा तीन मजली हॉल. एकट्यानं हे होणार नव्हतं. छिन्नी चालवणाऱ्याला काच दिसत नाही.

"तू पट्ट्यांवर लक्ष ठेवशील का?" त्यानं विचारलं. आवाज पडलेला. "मी तोडीन. तू फक्त पाह्यशील."

अंकुरनं हात पँटला पुसला. "मी काहून येऊ?"

"नोको येऊ. मी इचारून राहिलो फक्त."

 टपरीवाल्यानं न मागता दुसरा चहा पुढे केला.

"आलो तं एक गोष्ट," अंकुर म्हणाला. "मी थांब म्हटलं का थांबाचं. काहून, कशाले, अजून दोन घाव, असं नाई चालनार. काच तडकली का नाई हे मी ठरवीन. तुले पटलं नाई तरी छिन्नी खाली."

सुगतचं तोंड उघडलं. काच नुसती सैल झाली असेल तर? डिंक सुटला असेल तर? दहा प्रश्न होते, आणि सगळे बरोबर होते. त्यानं तोंड मिटलं.

"थांब म्हटलं का थांबीन," तो म्हणाला. "हातोडा वर उचललेला असला तरी खाली आननार नाई. तू चूक असला तरी थांबीन, अंकुर. आधी थांबीन, मंग भांडीन."